अकरा दिवसांची मुदत

बडोद्याच्या सयाजीबागेत दरवर्षी २३ सप्टेंबरला माणसे जमतात. १९१७ साली याच बागेत, राहायला छप्पर उरले नाही म्हणून, परदेशात शिकून आलेला एक तरुण मुंबईच्या गाडीची वाट पाहत बसला होता. त्या जागेला आपण संकल्पभूमी म्हणतो. मीही तिथे जाऊन आलो आहे. इतरांचे भरून आले तसे माझेही डोळे भरून आले. पण परतीच्या प्रवासात मी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मधले बडोद्याचे प्रकरण पुन्हा वाचले आणि आपल्या वाचनाविषयीच मला शंका आली. बागेतल्या त्या चार-पाच तासांवर बाबासाहेबांनी थोडक्यात लिहिले आहे. विस्ताराने लिहिले आहे ते त्याआधीच्या दिवसांवर. आपण मात्र ते दिवस भराभर उलटून बागेत जाऊन बसतो.

या लेखात मला एवढेच म्हणायचे आहे. माणूस एका दिवसात बेघर होत नाही. घर जाण्याआधी एक मुदत असते. ती अकरा दिवसांची असेल, तीन महिन्यांची असेल, एका पावसाळ्याची असेल. त्या मुदतीत लहानशी मदत मिळाली तर घर वाचते. मुदत संपल्यावर मोठी मदतसुद्धा फक्त दुःखाची सोय करते. आपले साहित्य, आपली समीक्षा आणि आपली चळवळ या मुदतीत हजर नसतात. तिघेही घर पडल्यावर पोचतात. हा आरोप मी बाहेर उभा राहून करत नाही. मीही उशिरा पोचलेल्यांपैकीच आहे, ते पुढे सांगेन.

प्रथम बडोद्याचा मजकूर नीट वाचू. बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिक्षण झाले होते, म्हणून करारानुसार तिथे नोकरी करणे भाग होते. नोकरी होती, पगार होता, पदव्या होत्या. नव्हती ती फक्त खोली. हिंदू हॉटेलात जावे तर जात सांगावी लागणार. म्हणून पारशी धर्मशाळेत, तिथल्या माणसाशी बोलून, पारशी नावाने वहीत नोंद करून ते राहिले. रोजचे दीड रुपया भाडे. वरच्या मजल्यावर एकटे, विजेचा दिवा नाही, सोबतीला कंदील आणि पुस्तके. त्याच वेळी त्यांनी सरकारी बंगल्यासाठी अर्ज केलेला होता. तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फिरत होता. दिवाणाला त्यात घाई करण्यासारखे काही वाटले नाही. अकराव्या दिवशी सकाळी हातांत काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. बाबासाहेबांनी त्यांच्याकडे एक आठवडा मागितला. तेवढ्यात बंगल्याचा निकाल लागेल, ही आशा होती. आठवडा मिळाला नाही. संध्याकाळपर्यंत चालते व्हा, हा हुकूम मिळाला.  एका हिंदू मित्राकडे गेले. तुम्ही आलात तर माझे नोकर जातील, असे तो म्हणाला. एका ख्रिस्ती मित्राकडे गेले. बायको उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल, असे तो म्हणाला. त्यानंतर बाग.

आता या मजकुरातले अपराधी मोजा. काठ्या घेऊन आलेले पारशी आपल्याला लगेच दिसतात, कारण ते अंगावर येतात. पण अर्ज टेबलावर पडू देणारा अधिकारी दिसत नाही, त्याच्या हातात काठी नसते. नोकरांची सबब सांगणारा मित्र दिसत नाही, तो सभ्यपणे बोलतो. मला वाटते, बाबासाहेबांना घराबाहेर काढले ते या सर्वांनी मिळून, आणि काठीवाले त्यांतले शेवटचे. अकरा दिवसांत एका सहीने, एका आठवड्याने किंवा मित्राच्या ओसरीवरच्या एका कोपऱ्याने हे प्रकरण टळले असते. एवढे शिकलेल्या, नोकरी असलेल्या माणसाची ही अवस्था असेल तर रोजंदारीवरच्या माणसाकडे किती दिवस असतील, हा प्रश्न हे प्रकरण वाचून विचारायला हवा होता. आपण तो विचारला नाही. आपण त्या प्रकरणातून संकल्प घेतला आणि अर्ज तिथेच ठेवला.

दलित साहित्याच्या समीक्षेने वेदना, नकार, विद्रोह या तीन शब्दांवर स्वतःचे घर बांधले. या शब्दांचे ऋण मी मानतो. प्रस्थापित समीक्षेच्या सौंदर्यकल्पना आम्हाला बाहेर ठेवत होत्या तेव्हा याच शब्दांनी दार फोडले. परंतु या तिन्ही शब्दांना एक खोड आहे. ते घाव पडल्यानंतर सुरू होतात. घाव पडण्याआधीच्या दिवसांना आपल्या परिभाषेत नावच नाही. त्यामुळे झोपडी पडते तो प्रसंग ‘जिवंत’ ठरतो, आणि झोपडीचे भाडे थकते ते तीन महिने ‘पाल्हाळ’ ठरतात. जयवंत दळवींच्या ‘चक्र’ (१९६३) या कादंबरीवरून १९८१ साली जो हिंदी चित्रपट निघाला त्याचा शेवट बुलडोझरने होतो. दळवी दलित लेखक नव्हेत, पण हा शेवट आपल्याही वाचकाला पुरा वाटतो. बुलडोझर आला, वस्ती गेली, पडदा पडला. प्रेक्षक हळहळत घरी जातो. त्याला वाटते, हे यंत्र आकाशातून पडले. त्या यंत्राला वस्तीपर्यंत पोचायला किती सह्या, किती पंचनामे, किती न पोचलेल्या नोटिसा लागल्या, ते तो विचारत नाही, कारण आपण त्याला कधी दाखवले नाही.

हे दाखवता येते. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्यानंतर गिरणगावातले एक कुटुंब चाळीतल्या एका खोलीत कसे विस्कटत जाते ते जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात दिसते. तिथे यंत्र येत नाही, माणसेच झिजत जातात. ते नाटक चळवळीच्या मंडपात नव्हे, नाट्यगृहात झाले, म्हणून ते आपले नाही असे कोणी म्हणू नये. घर जाण्याचा काळ रंगमंचावर उभा राहू शकतो, हा त्याचा धडा आपण घ्यायला हवा होता.

आपल्याच दोन ग्रंथांकडे या नजरेने पाहू. पहिला बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३). शीर्षककथेतला सुशिक्षित तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत, उधन्याला जातो. राहण्याचा प्रश्न आला की जातीचा प्रश्न येतो. तो जात सांगत नाही. शेवटी जात उघडी पडते, मार बसतो, आणि काशिनाथ हा दुसरा दलित कामगार त्याला सोडवतो. काशिनाथ जात लपवत नाही, म्हणून आपल्या समीक्षेने त्याला विद्रोहाचा नायक केले. ते योग्यच आहे. पण कथेतली एक गोष्ट समीक्षेने पाहिली नाही. हा तरुण संकट येताना पाहतो आहे आणि तरी कोणाला हाक मारू शकत नाही. काशिनाथ तिथेच आहे. त्याला हाक मारणे म्हणजे स्वतःची जात सांगणे. म्हणून मदत मार बसल्यावरच येते.

बडोदा आणि उधना एकत्र ठेवून वाचा. दोन्हीकडे नोकरी आहे, दोन्हीकडे छप्पर आहे ते जात झाकून मिळवलेले. धर्मशाळेच्या वहीत परके नाव होते, त्यामुळे बाबासाहेबांना उघडपणे दाद मागायची सोय नव्हती. बेघर होण्याच्या बाबतीत जात काय करते, ते इथे कळते. जात फक्त खोली नाकारत नाही. मिळालेली खोली जायची वेळ आली म्हणजे मदत मागण्याची वाटही ती बंद करते. मदत मागायची तर आधी नाव सांगावे लागते, आणि नाव सांगितले की खोली जाते. गरीब सवर्णाचे भाडे थकले तर तो शेजाऱ्याला सांगू शकतो. आपल्या माणसाला शेजाऱ्यापासूनच लपायचे असते. गरिबी आणि जात यांतला हा फरक अर्थशास्त्राच्या पुस्तकात मला सापडला नाही. तो बागुलांच्या कथेत सापडला. ही साहित्याची ताकद आहे, म्हणूनच मी साहित्याकडे तक्रार करतो आहे.

दुसरा ग्रंथ दया पवारांचा ‘बलुतं’ (१९७८). त्यातल्या मुंबईत, कावाखान्याच्या परिसरात, एकेका लहान खोलीत दोन-दोन, तीन-तीन पोटभाडेकरू राहतात. सामानाची आडोशाची भिंत केली की झाला संसार. मध्यमवर्गीय वाचकाने यात दारिद्र्याचे चित्र पाहिले. मला त्यात एक संस्था दिसते. गावाहून आलेल्या माणसाला पहिल्या रात्री फूटपाथवर झोपू न देणारी ती संस्था होती. म्युनिसिपालिटीने किंवा गिरणीने ती चालवली नाही. ज्याच्याकडे दहा फूट होते त्याने पाच फूट दिले. परळच्या बी.आय.टी. चाळीत, डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळीत हेच चालले. बेघर होण्याआधी मदत करणे ही कल्पना आज परदेशातून आल्यासारखी सांगितली जाते. आमच्या आयांनी ती पदरमोड करून चालवली होती. मात्र तिचे गोडवे गाताना एक विसरू नये. ज्याने पाच फूट दिले त्याचे दहा फूटही त्याचे नव्हते. गरिबाला वाचवण्याचा सगळा बोजा गरिबावर टाकून सरकार मोकळे राहिले. आज खोलीमालक माणसे मोजून भाडे घेतो, आणि पाहुणा आठ दिवसांवर राहिला तर कुरकुर सुरू होते. ती जुनी ओसरी आटत गेली. तिच्या जागी सरकारने काय ठेवले, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधताना मी साहित्यिकांनी क्वचितच वाचलेला एक मजकूर सुचवतो. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या खटल्याचे सर्वोच्च न्यायालयाचे १९८५ सालचे निकालपत्र. ते कायद्याचे विद्यार्थी वाचतात. ते कथेसारखेही वाचावे. जुलै १९८१ मध्ये भर पावसात मुंबईच्या फूटपाथवरच्या झोपड्या उखडल्या आणि माणसांना बसमध्ये कोंबून ‘आपापल्या गावी’ धाडले. अर्जदारांत तमिळनाडूच्या सेलमहून आलेला एक भूमिहीन मजूर आहे. १९६१ साली तो मुंबईत आला, पुढे त्याला दिवसाला २३ रुपयांचे काम मिळाले, आणि प्लास्टिक-कापडाच्या आसऱ्यासाठी एका दादाने त्याच्याकडून २५०० रुपये उकळले. हिशेब करा. फूटपाथवर येण्यासाठी त्याने सुमारे एकशे नऊ दिवसांची मजुरी मोजली. म्हणजे फूटपाथ फुकट नव्हता. त्याला गाडीत घालून सेलमला सोडले. तो परत आला, कारण सेलमला काम नव्हते, आणि पुन्हा फूटपाथवरच राहिला. सरकारने एवढा खर्च करून काय साधले, असे कोणी विचारले असते तर उत्तर द्यायला कोणी नव्हते.

न्यायालयाने त्या निकालात मोठी गोष्ट सांगितली. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क आला, कारण उपजीविका काढून घेतली की जगणे काढून घेतले जाते. आपल्या भाषणांत हे वाक्य आपण नेहमी सांगतो. त्याच निकालाने पालिकेचा झोपड्या हटवण्याचा अधिकारही कायम ठेवला, ते सांगत नाही. १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पाऊस सरून महिना होईपर्यंत, कारवाई थांबवावी, असे ठरले. हक्काचे वाक्य मोठे, आणि हातात पडली ती मुदत लहान. त्या मुदतीत काय करायचे, याची जबाबदारी कोणावरच टाकली नव्हती. मुदत ही मदत होऊ शकते, पण तिच्यात कोणी येऊन उभे राहिले तरच. एरवी ती फक्त लांबवलेली शिक्षा असते.

त्यानंतरच्या मुदती पाहा. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ मध्ये थकबाकीदार भाडेकरूसाठी एक चांगली तरतूद आहे. मालकाने थकबाकीची लेखी मागणी केल्यावर नव्वद दिवस त्याला दावा लावता येत नाही. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने थकबाकी पंधरा टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली आणि पुढे भरत राहिला, तर त्या कारणासाठी घर सोडायचा हुकूम होत नाही. म्हणजे कायद्याने दोनदा तीन-तीन महिने दिले. हे किती भाडेकरूंना ठाऊक आहे? समन्स आले की आपला माणूस घाबरून ते देव्हाऱ्यामागे किंवा पत्र्याच्या पेटीत ठेवतो आणि नव्वद दिवस पेटीतच संपतात. आणि आज खोल्या मिळतात त्या बहुतेक अकरा महिन्यांच्या परवान्यावर. त्या माणसाला ही नव्वद दिवसांची ढाल नाहीच. मुदत संपली की त्याने जायचे, न गेला तर दुप्पट शुल्काचा बोजा त्याच्या डोक्यावर.

झोपडीवाल्याची मुदत मागे पाहणारी आहे. पुढे किती दिवस आहेत हे त्याला कोणी सांगत नाही, मागे किती वर्षे होता त्याचा पुरावा मागतात. १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, मग पैसे भरून २०११. ज्याची शिधापत्रिका पुरात वाहून गेली, जो मध्ये दोन वर्षे बायकोच्या आजारपणात गावी होता, तो या तारखांमधून गळतो. २००४ च्या डिसेंबरपासून पुढच्या काही महिन्यांत मुंबईत ऐंशी-नव्वद हजार झोपड्या पाडल्या गेल्या तेव्हा हेच तारखेचे माप लावले होते. आणि १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझरविरुद्ध जो निकाल दिला त्याचे आपण सर्वांनी स्वागत केले. पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय घर पाडू नये. पण त्याच निकालात अपवाद आहे. रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-तलाव अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामांना हे लागू नाही. आपली माणसे कुठे राहतात? नेमकी याच जागांवर. ज्याच्याकडे कागद आहे त्याला दिवस मिळाले. ज्याच्याकडे कागद नाही त्याला तेवढेही नाहीत.

घर गेल्यानंतर सरकार येते. २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बेघरांसाठी निवारे बांधण्याची योजना आली. न्यायालयानेही निवाऱ्यांचा पाठपुरावा केला. थंडीत मरणाऱ्या माणसाला छप्पर मिळाले पाहिजे, त्याला माझा विरोध नाही. २०११ च्या जनगणनेने देशात १७ लाखांहून अधिक बेघर मोजले, आणि तो आकडा कमीच असणार, कारण पोलिसांना चुकवून झोपणारा माणूस गणनेलाही चुकतो. पण निवारा ही योजना ज्या दिवशी सुरू होते त्या दिवशी कुटुंब फुटलेले असते. बाप्यांचा निवारा वेगळा, बायकांचा वेगळा, मुलाची शाळा तिसरीकडे. इंग्लंडमध्ये २०१७ चा एक कायदा आहे. माणूस ५६ दिवसांत बेघर होण्याचा धोका असेल तर त्याचे घर टिकवण्यासाठी प्रयत्न करणे हे तिथल्या स्थानिक संस्थेचे कर्तव्य ठरते. त्या देशात बेघर उरले नाहीत असे मुळीच नाही. पण कर्तव्य घर जाण्याच्या आधी सुरू होते, हे तत्त्व तिथे कायद्याने मानले. आपल्याकडे ते अजून लिहिले गेलेले नाही. आपण त्याची मागणीसुद्धा मोर्च्याच्या फलकावर लिहिलेली नाही.

आता माझा उशीर सांगतो. माझ्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सतरंजी अंथरायला एक जण यायचा. कंत्राटी सफाई कामगार. तो राहायचा दूर, दुसऱ्या वस्तीत, भाड्याच्या खोलीत. आडनाव असे की त्यावरून जात कळत नाही. कंत्राटदार बदलला आणि दोन महिने पगार अडकला, त्यातच बायकोचे ऑपरेशन झाले. महिना साडेचार हजार भाडे, तीन महिने थकले. साडेतेरा हजार रुपये. अनामत त्यातच जिरली. करार तोंडी, अकरा महिन्यांचा. महिना भरला आणि मालकाने खोली मागितली. या तीन महिन्यांतले बारा रविवार तो आमच्या समोर सतरंजी अंथरत होता. त्याने काही सांगितले नाही, आम्ही काही विचारले नाही. मग दोन रविवार तो आला नाही. चौकशी केली तेव्हा कुटुंब उड्डाणपुलाखाली होते. मुलगा दहावीत होता, तो शाळेत जाईना. आम्ही धावलो, सभा घेतली, वर्गणी केली. नवी अनामत, आगाऊ भाडे, गेलेले सामान, असे मिळून बावीस हजार जमवायला पाच महिने लागले. खोली मिळाली. मुलगा परत शाळेत गेला नाही. तो आता बापाच्याच कंत्राटावर आहे.

मी त्याला रागाने विचारले, आम्हाला आधी का नाही सांगितले? तो म्हणाला, “सर, तुम्ही लोक निळा झेंडा घेऊन दारात आला असता. मालकाला कळलं असतं. बाबासाहेबांचा फोटो मी तिथं ट्रंकेत ठेवला होता.” मला बोलता येईना. उधन्याच्या त्या तरुणाची कथा मी वीस वर्षे वर्गात शिकवली आणि तो माझ्या समोर सतरंजी अंथरत होता तेव्हा मी त्याला ओळखले नाही.

या उत्तराने माझी चळवळीविषयीची एक समजूत मोडली. आपण मदतीची जी रीत घडवली ती मोर्च्याची आहे. मोर्चा उघड असतो, असायलाच हवा. पण घर जायच्या आधीच्या दिवसांत ज्याला मदत हवी आहे त्याला उघडे पडणे परवडत नाही. त्याच्यासाठी दुसरी रीत हवी. विहारात एक वही असावी आणि ती एकाच विश्वासू माणसाकडे असावी. कोणाचे भाडे थकले, कोणाला नोटीस आली, कोणाचे कंत्राट सुटले, कोणाच्या घरी दवाखाना निघाला, ते तिच्यात यावे. सांगायला येईल तोच नव्हे, दोन रविवार न आलेलाही तिच्यात यावा. समन्स आले तर नव्वद दिवस मोजणारा एक वकील त्या वहीला जोडलेला असावा. आणि एक लहान निधी असावा, ज्यातून साडेतेरा हजार रुपये आवाज न करता मालकाच्या हातात जातील. हे दान नव्हे. जयंतीच्या एका रात्रीच्या ध्वनिक्षेपकाचा खर्च आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, हे सुधारणावादी काम झाले, मूळ लढा जमिनीचा आणि जातीचा आहे. मान्य. वही जात संपवणार नाही. घरे बांधण्याचे, भाडे आवाक्यात ठेवण्याचे आणि जात विचारून खोली नाकारणाऱ्याला शिक्षा करण्याचे काम सरकारचे आहे आणि ते त्याच्याकडून लढूनच घ्यावे लागेल. पण लढायला माणूस वस्तीत तरी उरला पाहिजे. पुलाखाली गेलेला माणूस मोर्च्यालाही येत नाही. त्याचा दिवस पाणी शोधण्यात आणि पोलीस चुकवण्यात जातो. जी चळवळ आपली माणसे गळताना मोजत नाही, ती एक दिवस स्वतःच गळते. शिवाय वहीतल्या नोंदी उद्या पुरावा होतील. एका वॉर्डात वर्षभरात किती कुटुंबे किती रुपयांसाठी रस्त्यावर आली, हे आपण दाखवू शकलो तर घर जाण्याआधी सरकारचे कर्तव्य सुरू झाले पाहिजे ही मागणी नुसत्या घोषणेपेक्षा जड होईल.

आणि नव्या लेखकांना सांगायचे ते हे. झोपडी पडल्याची कविता तुम्ही लिहिणार, ती लिहा, तिची गरज संपलेली नाही. पण त्या झोपडीच्या आधीच्या तीन महिन्यांची कथाही लिहा. दुकानदार उधारीची वही मिटतो तो दिवस लिहा. बाई मंगळसूत्राचे मणी नव्हे, गॅसची टाकी गहाण ठेवते तो दिवस लिहा. आलेले समन्स न वाचता पेटीत ठेवणारा हात लिहा. नातेवाइकाला फोन लावून, इकडचे-तिकडचे बोलून, मूळ गोष्ट न सांगताच फोन ठेवणारा माणूस लिहा. समीक्षकांनी याला पाल्हाळ म्हणू नये. याच दिवसांत वाचवणारे कोणी आले असते का, आणि कोण आले नाही, हे त्या कथेतूनच कळेल.

पुढच्या २३ सप्टेंबरला मी पुन्हा सयाजीबागेत जाणार आहे. तिथे भाषण करायची वेळ आली तर बागेविषयी कमी बोलेन. दिवाणाच्या कचेरीत फिरत राहिलेल्या त्या अर्जाविषयी बोलेन, आणि जमलेल्यांना विचारेन की आपापल्या विहारात गेले दोन रविवार कोण आलेले नाही.